बसून दिलेली हजेरी

"व्हिसा स्टुडंट्स, ऑन युअर फीट, प्लीज, माय डार्लिंग्स!"

लेक्चर नुकतंच सुरू झालं होतं. दार उघडून लिंडा आत आली. लिंडा म्हणजे आमच्या डिपार्टमेंटच्या ऑफिसातली बाई. हातात क्लिपबोर्ड, त्यावर आमच्या पासपोर्टातले फोटो. प्रोफेसरांनी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

आम्ही उभे राहिलो. चीनचे, नायजेरियाचे, आपल्याकडचे. गोरी मुलं बसून. इथंच हॅरो भागात जन्मलेली एक गुजराती मुलगी बसल्या जागी नखं बघत होती. तिचा रंग माझाच, पण पासपोर्ट वेगळा.

लिंडा एकेकासमोर यायची. आधी फोटो बघायची, मग चेहरा. लुधियानाकडच्या हरप्रीतसमोर ती जरा जास्तच थांबली. "इज दॅट रिअली यू, लव्ह?" वर्ग हसला. हरप्रीतही हसला, कारण न हसून करतो काय. मग माझी पाळी. पेनाने हवेतच खूण करत ती म्हणाली, "चिन अप. लेट्स हॅव अ लुक ॲट यू."

मी हनुवटी वर केली. बाजारात जनावराचे दात बघतात, तशी ती बघत होती. आवाज मात्र साखरेचा. "लव्हली. थँक यू." मला वाटलं, जमीन दुभंगावी.

त्या वर्षी ब्रिटिश सरकारने स्टुडंट व्हिसाचे नियम आवळले होते. नुसती नावाची कॉलेजं काढून लोक व्हिसे विकतात, असं पेपरात रोज छापून यायचं. दुकानांच्या वरच्या मजल्यावरची कित्येक कॉलेजं बंद पडली. उरलेल्यांना सांगितलं गेलं की परदेशी मुलं वर्गात येतात की नाही, त्यावर लक्ष ठेवा. ठरावीक गैरहजेऱ्या झाल्या की वर कळवा. कळवलं की व्हिसा गेला. नाही कळवलं तर कॉलेजचा परवाना गेला. त्यामुळे कॉलेजची पाचावर धारण बसलेली. घाबरलेली माणसं आधी आपल्यापेक्षा खालच्याला उभं करतात, हे मला तिथं नव्याने शिकावं लागलं नाही.

हॅरोला खोलीवर परतताना मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये केतकीचा चेहरा लालबुंद झाला होता. केतकी पुण्याची, कोथरूडची. आम्ही एकाच खोलीत राहायचो.

"किती इन्सल्टिंग आहे गं हे! आयुष्यात मला असं कोणी उभं नाही केलेलं."

मला हसूच आलं. तिला राग आला.

मला केलं होतं. शाळेत दर वर्षी. आमच्या तालुक्याच्या शाळेत क्लार्क वर्गात यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "स्कॉलरशिपवाले, उभे राहा!" आम्ही विहारामागच्या वस्तीतली पोरं उभी राहायचो. बाकीचे वळून बघायचे. क्लार्क पट्टीने डोकी मोजायचा. एकदा मोजून झाल्यावर तो तसाच निघून गेला. "बसा" म्हणायचं राहिलं. मग गणिताचे सर आले. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि शिकवायला लागले. बसायला कोणीच सांगितलं नाही, म्हणून अख्खा तास आम्ही उभ्याने गणितं सोडवली. पाय दुखले त्याचं काही नाही. न सांगता बसायची हिंमत आमच्यातल्या एकालाही झाली नाही, ते मला अजून बोचतं.

घरी येऊन बापाला सांगितलं. बाप एसटीच्या डेपोत झाडू मारायचा. म्हणाला, "उभ्यानं शिकली ना? शिकली तर खरं." त्याचं त्याच्यापुरतं बरोबर होतं. माझं त्यात भागत नव्हतं.

केतकी वाईट मुलगी नव्हती, हे लिहायलाच हवं. मला ताप आला तेव्हा तिने मेतकूट-भात कालवून दिला होता. पहिल्या दिवशी तिने माझं पूर्ण नाव विचारलं, मग गाव विचारलं, मग जरा थांबून म्हणाली, "मला काही फरक पडत नाही हं." फरक पडतो का, असं मी विचारलं नव्हतं.

ट्रेनमध्ये ती पुढे म्हणाली, "आपण मेरिटवर आलोय गं. हा हरप्रीत बघ, त्याचं आधीचं कॉलेज चिकन शॉपच्या वर होतं. बंद पडलं म्हणून इकडे आला. तसल्यांमुळे आपल्याला हे भोगावं लागतंय."

तळपायाची आग मस्तकात गेली. हेच वाक्य मी नागपूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात रोज ऐकलं होतं. फक्त तिथं 'तसले' म्हणजे मी होते.

"हरप्रीत तुझ्याआधी वर्गात येऊन बसलेला असतो," मी म्हटलं.

"तो प्रश्नच नाहीये."

"मग कोणता आहे?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली.

पुढच्या मंगळवारी लिंडा पुन्हा आली. तीच हाक. मी सवयीने उठायला लागले, तर तिने हात केला. "नॉट यू टू, डार्लिंग. यू आर ऑन द अदर लिस्ट. यू कॅन सिट."

मला कळेना. केतकीने माझा हात दाबला आणि कानात म्हणाली, "सरप्राइज! मी डिपार्टमेंटच्या हेडना मेल केला होता. आपण दोघी चांगल्या युनिव्हर्सिटीतून आलोय, रेकॉर्ड क्लीन आहे. आपण ऑफिसात जाऊन सही केली की झालं. तुझंही नाव घातलं मी."

मला न विचारता. माझ्यावर उपकार म्हणून.

खरं सांगते, बसून बरं वाटलं. फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी आपण होऊन "बस" म्हणालं होतं. समोर हरप्रीत उभा होता, भिंतीवर नजर लावून. कोणाच्याच डोळ्यांत बघायचं नसलं की माणूस तसं बघतो. आपल्याला बसायला मिळावं म्हणून याला उभं ठेवलंय, हे मला स्वच्छ दिसलं. बरं वाटणं तिथंच संपलं. स्वतःची किळस आली.

मी हात वर केला. "लिंडा, टेक माय नेम ऑफ दॅट लिस्ट."

"सॉरी, लव्ह?"

"एव्हरीबडी सिट्स. ऑर टेक एव्हरीबडीज अटेंडन्स. देअर्स टू." मी गोऱ्या मुलांकडे बोट केलं.

केतकी माझी बाही ओढायला लागली. "अगं, वेडी आहेस का? कशाला नसती आफत ओढवून घेतेस?"

लिंडा अजूनही हसत होती. "इफ यू आर ऑफ द लिस्ट, यू हॅव टू स्टँड."

"नो."

"देन आय हॅव टू मार्क यू ॲब्सेंट."

"आय ॲम सिटिंग इन फ्रंट ऑफ यू."

तिने फोटो बघितला, चेहरा बघितला आणि गैरहजरीची खूण केली. मी तिच्या हाताकडे बघत होते. उठून उभं राहावं, असं एकदा मनात येऊन गेलं. शूर बिर मी नव्हते.

पुढचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. मी त्यानंतर एकही लेक्चर चुकवलं नाही, आणि लिंडा आली की एकदाही उठले नाही. हरप्रीत उठत राहिला. त्याला दोष देत नाही, त्याच्या मागे अख्खं घर होतं. केतकीने खोली बदलली. जाताना रडली. "तुझ्यासाठीच केलं होतं ना मी?" म्हणाली. हेडने बोलावून समजावलं की नियम सरकारचा आहे. "उभं करायचा नियमसुद्धा सरकारचाच का?" मी विचारलं. त्याने घड्याळ बघितलं. शेवटी माझं नाव वर कळवलं गेलं. कोर्स अर्धा राहिला. मला परत यावं लागलं. एमएस्सीची डिग्री माझ्याकडे नाही, आणि तिचं दुःख मला आजही होतं. ते लपवणार नाही.

पण लिंडा शेवटची आली तो मंगळवार मी कुठल्याही डिग्रीशी बदलणार नाही. आणखी एक खूण झाली की सगळं संपणार, हे त्या दिवशी तिला माहीत होतं, मला माहीत होतं. ती माझ्या बाकाशी आली. पहिल्यांदाच हसली नाही. हळू आवाजात म्हणाली, "जस्ट स्टँड अप, लव्ह. फॉर अ सेकंड. प्लीज."

तिला खरंच वाईट वाटत होतं. म्हणूनच मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "यू राइट व्हॉट यू लाइक. आय ॲम प्रेझेंट."

आणि वही उघडून लिहायला लागले.