परीक्षेचा पेरू-जॅम

राज्याचं विभाजन व्हायच्या आधीच्या वर्षी हैदराबादेत सारखे बंद होत. विद्यापीठ कधी उघडेल याचा नेम नसे, म्हणून अन्न तंत्रज्ञान शिकणाऱ्या माझ्या मुलीने प्रकल्पासाठी केलेल्या पेरूच्या जॅमच्या तीन बाटल्या घरी आणल्या. जॅम किती टिकतो हे पाहायचं असल्याने त्या तीन महिने उघडायच्या नव्हत्या. निकालाला निदान दोन हव्यातच, नाहीतर वर्ष वाया. मला चैन पडेना. येता-जाता कपाट उघडून मी झाकणं तपासायचो.

एका दुपारी पाहुणे आले आणि माझ्या बहिणीने एक बाटली उघडून पोळीबरोबर वाढली.

“आत्या, ती परीक्षेची होती!”

“मग पाहुण्यांना काय नुसत्या चहावर पाठवू?”

मुलीने कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली आत्याच्याच हातात दिली. मग उरलेल्या दोन बाटल्या आत्याने मलासुद्धा बघू दिल्या नाहीत. तीन महिन्यांनी त्या जशाच्या तशा प्रयोगशाळेत पोचल्या.