भावोजींनी सोडलेल्या गोळ्या

१४ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी धुके. भावोजींच्या पोटातल्या जंतूंचा रिपोर्ट आला. जुन्या दोन्ही गोळ्या निकामी. दुसऱ्या दोन लागू पडतील. दुपारी नळ दुरुस्त करून घेतला.

भावोजी म्हणजे माझ्या यजमानांचे धाकटे भाऊ. त्यांनी लग्न केले नाही. हे गेल्यावरही ते आमच्या मागच्या खोलीतच राहिले. एका चहाच्या कंपनीत ते चहा चाखण्याचे काम करत. मोठ्या खिडकीपाशी लांबलचक टेबल, त्यावर पांढऱ्या कपांची रांग. चमचाभर चहा जोरात ओढायचा, जिभेवर घोळवायचा आणि शेजारच्या भांड्यात थुंकायचा. ऑफिसात त्यांना सगळे ‘जीभसाहेब’ म्हणत. घरी माझा चहा प्यायले की म्हणायचे, “वहिनी, पाणी मात्र छान उकळलंय हं.”

“मग उद्यापासून नुसतं पाणीच देते,” मी म्हणायचे.

त्यांचे पोट जुनेच दुखणे. जठरात जंतू आहेत, त्यांनी व्रण केला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले आणि गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तोंडाला किल्ली चघळल्यासारखी चव येई. नेमके त्याच वेळी नव्या हंगामातल्या पानांचे नमुने चाखायला आले. दुखणे जरा थांबताच भावोजींनी गोळ्या बंद केल्या. पुढे पुन्हा दुखू लागले, वेगळ्या गोळ्या मिळाल्या, तीच चव आली. त्याही अर्ध्यावर सोडल्या. घरात कोणाला पत्ता नाही.

मग एका सकाळी बेसिनमध्ये रक्ताची उलटी झाली.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. “काका, आधीच्या गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या ना?”

“घेतल्या की.”

मी त्यांच्याकडे पाहिले. ते छताकडे पाहू लागले.

“खरं सांगा. मधेच सोडल्या असतील तर उरलेले जंतू त्यांना सरावतात. मग त्याच पुन्हा देऊन काय उपयोग?”

“सोडल्या,” भावोजी म्हणाले. “तोंडात लोखंड घेऊन दुसऱ्याचा चहा नापास कसा करायचा? लबाडीच ती.”

“आणि स्वतःच्या पोटाशी केलीत ती?” मी विचारले.

बाईंनी अंदाजाने औषध दिले नाही. नळी घालून जठराचे बारीक तुकडे काढले. प्रयोगशाळेत त्यातले जंतू वाढवले आणि कोणत्या औषधाने ते मरतात, ते पाहिले. मग तो रिपोर्ट आला. या वेळी भावोजींनी रजा टाकली आणि एकही गोळी चुकवली नाही. सोबतच्या एका औषधाने त्यांची जीभ काळी पडली. आरशापुढे उभे राहून ती बाहेर काढत म्हणाले, “आता माझ्याशी जपून बोला वहिनी, काळ्या जिभेचा झालोय.”

पुढे तपासणी झाली. जंतू नव्हते. त्या दिवशी आम्ही दोघे पायीच घरी आलो.

व्रण भरला का, हे पाहायला बाईंनी पुन्हा नळी घातली. एक कड भरलेली नव्हती. तिथला तुकडा तपासला तेव्हा कॅन्सर निघाला. पहिल्या तुकड्यांत तो दिसला नव्हता.

भावोजी कपडे बदलत होते तेव्हा मी बाहेर बाईंना विचारले, “जंतू आधीच गेले असते तर?”

“कदाचित टळलं असतं, काकू. खात्रीनं नाही सांगता येणार.” त्यांनी माझा हात धरला. मागे दार उघडेच होते.

रिक्षात भावोजी म्हणाले, “वहिनी, त्या वर्षी पानं फारशी चांगली नव्हतीच हो.”

ऑपरेशन झाले. जठराचा मोठा भाग काढला, तरी दुखणे पुढे सरकले होते. शेवटी पाणीसुद्धा पोटात ठरेना. मी ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसत असे आणि ते डोळे मिटून मानेने ‘पुरे’ म्हणत.

२ मे. भावोजी पहाटे गेले. सगळे आटोपून घरी यायला दुपार झाली. संध्याकाळी मागच्या खोलीतल्या चादरी भिजत घातल्या.