मदेराला ‘नको’ म्हणणारी बारा माणसं

“दे डोंट वाँट एनीथिंग,” हेदर म्हणाली.

मी अजून बुटांवरचा बर्फ झटकत होते. कॅल्गरीत त्या सकाळी उणे तीस होतं. आमच्या छोट्याशा ट्रॅव्हल ऑफिसची ही मालकीण शांतपणे कॉफी पीत माझ्या पहिल्यावहिल्या ग्रुप टूरची वाट लावत होती.

“कोणाला काय नकोय?”

“तुझ्या मदेरा ग्रुपला. काल तू डेंटिस्टकडे होतीस, तेव्हा मिसेस कांबळे सगळ्यांच्या वतीने येऊन गेल्या. मी एकेक गोष्ट नीट विचारली. टोबॉगन? नो नो. वॉक? नो नो. फुटबॉल मॅच? नो, इट्स ओके. दर वेळी काहीतरी कारण. सो स्वीट! मी सगळं यादीतून काढून टाकलं.”

मदेरा हे अटलांटिकमधलं पोर्तुगालचं बेट. तिथे ना कडाका, ना घामाच्या धारा. डोंगरातून पाण्याचे जुने पाट काढलेत, त्यांच्या कडेने चालत जायचं. आणि टोबॉगन म्हणजे वेताची टोपली. तीत माणसं बसवून, गवती टोप्या घातलेले दोन गडी ती डोंगरउताराच्या रस्त्यावरून सुसाट खाली सोडतात. ब्रेक म्हणजे त्यांचे बूट.

कांबळे काकू नागपूरला शाळेत पीटीच्या बाई होत्या. चार विंटर त्या मुलाच्या बेसमेंटमध्ये नातवंडं सांभाळत होत्या. मराठीत हाक मारली की नातवंडं “व्हॉट?” म्हणायची. इथल्या आंबेडकर असोसिएशनमधल्या अशाच बारा आजी-आजोबांना गोळा करून काकूंनी ही ट्रिप ठरवली होती. असोसिएशनच्या जेवणात माझ्या ताटात भात वाढता वाढता त्यांनी मला त्या टोपलीचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा दाखवला होता. आणि आता हेदरच्या कृपेने त्या इतक्या लांब जाऊन हॉटेलच्या बाल्कनीत बसणार होत्या. परत आल्यावर “छान झाली हो ट्रिप” असंही म्हणाल्या असत्या.

“बुकिंग सोडलंस?”

“अजून नाही. पण ऑप्शन आज संपतोय.”

ऑप्शन म्हणजे आपल्या नावाने राखून ठेवलेली जागा. मुदतीत होकार कळवला नाही, की ती दुसऱ्याला जाते. बेटावर दुपार कलली होती. तिथलं ऑफिस तासाभरात बंद होणार होतं.

“हेदर, तू किती वेळा विचारलंस?”

“किती म्हणजे? एकदा! त्या नो म्हणाल्या!”

मी कपाळाला हात लावला. “अगं बाई, पहिला नो आम्ही मोजतच नाही.”

तिला वाटलं मी थट्टा करतेय. मी काकूंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

“काकू, टोपलीत बसायचं ना?”

“नाही गं मंजू. गुडघे दुखतात माझे.”

“बसायचंच तर आहे. गुडघ्यांना काय काम?”

“तुम्हाला उगाच त्रास कायले?”

“तुम्ही नाही बसलात तर मीपण नाही बसणार.”

“आता तू एवढी म्हणून राहिली, तर बसते बाप्पा. आणि ऐक न, समोरची जागा भेटंल का?”

हेदरला शब्द कळले नव्हते, पण सूर कळला. तिने फोन माझ्या हातातून ओढूनच घेतला.

“मिसेस कांबळे, द वॉक?”

“नो नो. माय शूज आर ओल्ड.”

“प्लीज कम!”

“नो, माय हसबंड वॉक्स स्लो.”

“देन एव्हरीवन वॉक्स स्लो!”

“ओके, ओके. इफ यू से सो.”

हेदरने खुर्चीत बसल्या बसल्या गिरकी घेतली. फुटबॉल मॅच तिने दोन प्रश्नांत जिंकली. आता तिला ऊत आला होता.

“अँड वाइन टेस्टिंग!”

“नो.”

“प्लीज?”

“नो.”

“जस्ट वन सिप! फॉर मी!”

“हेदर,” काकू पीटीच्या आवाजात म्हणाल्या, “आय सेड नो.”

हेदर सावधानमध्ये बसली. मी तिला सांगितलं की काकू पंचशील पाळतात, दारूचा थेंब घेत नाहीत. काकूंना सांगितलं की नुसतं बघायलाही जाता येईल. तिथे वाइन माळ्यावर उन्हाच्या उबेत मुरवतात.

“लोणच्यासारखंच न मग?” काकू म्हणाल्या. “तेवढं बघू.”

ऑफिस बंद व्हायच्या आत बाराही जणांचा होकार बेटावर पोचला. हेदरने आणि मी उड्या मारल्या, त्यात तिची कॉफी माझ्या विंटर जॅकेटवर सांडली. मला इतका आनंद झाला होता की मी तिलाच सॉरी म्हटलं.

मदेराला काकू टोपलीत समोर बसल्या. काकांनी डोळे गच्च मिटले होते. वळणावर गड्यांनी जरा बूट टेकवला, तर काकू ओरडल्या, “अरे पळा न! फास्ट!” खाली उतरल्या तेव्हा केस विस्कटलेले, चष्मा वाकडा, आणि हसू काही केल्या आवरेना. तसं हसताना मी त्यांना कॅल्गरीत कधीच पाहिलं नव्हतं.

आता आमच्या ऑफिसात कोणी नवीन लागलं, की मी त्याला एवढंच शिकवते. मराठी गिऱ्हाइकाने नकारासोबत कारण दिलं, तर पुन्हा विचारा. कारण दिलं नाही, तर गप्प बसा.