न मिळणारा रिपोर्ट

“मॅडम, माहा रिपोर्ट आला का?”

पातूरची सोनल अकोल्यातल्या आमच्या लॅबच्या दाराशी भिंतीला धरून उभी होती. दहावीतली पोरगी, पण एक जिना चढून धाप लागली होती. मागे तिचे वडील, मार्केटला शेवंती देऊन रिकामी टोपली घेऊन आलेले.

मी इथे रिसर्च असिस्टंट आहे. कोविड होऊन गेल्यावरही ज्या मुलांचा थकवा जात नाही, त्यांच्या रक्ताचा आम्ही अभ्यास करतो. विषाणूशी लढणाऱ्या पेशींनी लढाई संपली की शांत व्हायचं असतं. या मुलांत त्या शांत होतात का, हा आमचा प्रश्न.

सोनलचा प्रश्न वेगळा होता. कोविडमध्ये साधा ताप येऊन गेला, आणि तेव्हापासून एक दिवस शाळा केली की दोन दिवस अंथरुणात. तपासण्या सगळ्या नॉर्मल. शाळेत ‘नाटकी’ नाव पडलं. मैत्रिणी घरी यायच्या बंद झाल्या.

“नॉर्मलचे रिपोर्ट घरी ढीगभर हायेत,” ती म्हणाली. “मले एक तरी बिमार असल्याचा पायजे. बाबाले दाखवाले.”

तसा रिपोर्ट आम्ही देतच नाही. नळीवर नाव नसतं, कोड असतो. निकाल एकाचा नसतो, गटाचा असतो. संमती घेताना मी हे वाचून दाखवलं होतं. पण एवढ्या पानांत ते कोणाच्या लक्षात राहणार?

आमचे सर डॉक्टर, अभ्यास त्यांचाच. मी तडक त्यांच्या केबिनमध्ये गेले.

“सर, तिचा कोड उघडा. रक्त तिचं आहे. तिचा हक्क आहे.”

“उघडला, आणि तिच्या पेशी नॉर्मल निघाल्या तर?”

सरांनी पडद्यावरचा आलेख माझ्याकडे वळवला.

“फरक गटाच्या सरासरीत दिसतो. एकट्या मुलाचं त्यावरून ठरत नाही. पण बाप म्हणेल, घ्या, इथंही नॉर्मल!”

मला राग आला. सरांचं बरोबर होतं म्हणून जास्त आला.

बाहेर येऊन मी वडिलांना म्हटलं, “काका, हा आजार पक्का ओळखेल अशी रक्ताची तपासणी अजून निघालीच नाही. म्हणून पोरगी खोटी ठरत नाही.”

“मशीनले दिसत नाही, अन् तुमाले दिसते?”

“मले दिसते ना, बाबा,” सोनल म्हणाली. “माह्याच आंगात हाय.”

तेवढ्यात सर बाहेर आले. वडिलांना बसवलं आणि मी म्हटलं होतं नेमकं तेच सांगितलं.

“डॉक्टर साहेब म्हनतात तं असन.”

“मी कवाची सांगून राह्यली, ते?” सोनल म्हणाली.

वडिलांनी तिची बॅग आपल्या खांद्यावर घेतली. “चाल. हळू उतर.”

जिन्यापाशी ती थांबली. “माह्यासारखे अजून हायेत?”

“आहेत.”

“पातूरचं कोनी?”

“सांगता येत नाही. नियम आहे.”

“बरं,” म्हणाली, आणि कठडा धरून उतरू लागली.

नंतर सरांनी तिला तपासून, लक्षणांवरून ओपीडीच्या कागदावर आजाराचं नाव लिहून दिलं. शाळेनं अर्ध्या दिवसाची सूट दिली. मुलांना एकमेकांना भेटायचं असेल तर भेटू द्या, असा अर्ज मी अभ्यासाचे नियम ठरवणाऱ्या एथिक्स कमिटीकडे केला आहे. उत्तर नाही. परवा सोनलचा फोन आला. बाबा आता ओरडत नाहीत म्हणाली. मैत्रिणींचं विचारलं, तर म्हणाली, “दहावी हाय ना त्यायची.”

रक्त घेण्याआधी आता मी प्रत्येक मुलाला विचारते, तुला यातून काय हवंय? आमच्या प्रश्नावलीत हा प्रश्न नाही.