आक्काची हळद आणि माझी गोळी

भाच्याचा फोन आला तेव्हा मी नाश्ता करून मधुमेहाची गोळी घेत होतो. "मामा, आई गेली," एवढंच तो म्हणाला... गोळी मी तरीही गिळली. त्याला आता सात आठवडे झाले.

आक्का माझी थोरली बहीण, डोंगरकडा या गावी दिलेली. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. वनस्पतींतल्या अँटिऑक्सिडंटांवर माझं थोडंफार काम आहे आणि त्याचा तोरा त्याहून जास्त. दोन वर्षांपूर्वी हळद शिजवायच्या दिवसांत तिच्याकडे गेलो होतो. वाळत घातलेल्या हळदीत बायका कामाला होत्या. आक्कानं विचारलं, "काहून रे बापू, हळदीनं साखर उतरती म्हणतेत, खरं हाय का?" मी रंगात आलो. साखर वाढली की पेशींना गंज चढल्यासारखं होतं, हळदीतले, आवळ्यातले घटक तो गंज थोपवतात, असं सांगितलं. "मंजी तव्याला तेल पुसून ठेवावं तसं," ती म्हणाली. माझ्या वर्गात इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. हे बरंचसं उंदरांवरच्या प्रयोगांतलं आहे आणि गोळीच्या जागी हळद चालत नाही, ही दोन वाक्यं तेवढी सांगायची राहिली. बायका कौतुकानं ऐकत होत्या ना! आक्कासारखीच मलाही साखर आहे, हे मी तिथं कुणाला कळू दिलं नव्हतं. जेवणाआधी मोरीत जाऊन गुपचूप गोळी घेतली.

पुढे एकदा तिचा फोन आला. "गोळ्यानं पोटात जळजळ होऊन राहिली. आता हळद-आवळाच घेऊन राहिले." मी पेपर तपासत होतो. "बरं," म्हणालो.

मग तिच्या पायाला जखम झाली, ती चिघळली. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्यासमोरच तिला विचारलं, "गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या?"

आक्कानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुणी न्हाई. माझ्याच मनानं."

मी गप्प उभा राहिलो. याची मला लाज वाटते.

तेराव्याला भाच्यानं एक बरणी हातात ठेवली. हळद आणि आवळ्याची पूड. "आईनं तुमच्यासाठी केली होती. म्हणायची, बापू चहात साखर घेत न्हाई, त्यालाबी तकलीफ हाय वाटतं. आपल्यावाणी हळदीवरच असंल." त्याला तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. आता हे लिहिलेलं छापून आलं की तो वाचेल.

बरणी स्वयंपाकघरात, गोळ्यांच्या डब्याशेजारी आहे. रोज सकाळी मी तिच्याकडे पाठ करून गोळी घेतो.