गंगाक्का आणि ऑइलचा काटा

गंगाक्का ट्रकमध्ये बसल्या की रस्त्याकडे बघायच्या नाहीत. समोरून एस.टी. अंगावर येऊ दे, म्हैस आडवी येऊ दे, त्यांची नजर समोरच्या एकाच गोल तबकडीवर, ऑइल प्रेशरच्या मीटरवर. मांडी घातलेली, पदर खोचलेला, एका गालात पान. "तम्मा, काटा जाग्यावर हाय न्हवं?" असं दर थोड्या वेळानं विचारायच्या. मी एकदा म्हणालो, "अक्का, जरा रस्ताबी बघा की." तर म्हणाल्या, "रस्ता तू बघ. त्याचा पगार तुला हाय."

अक्का जयसिंगपूरकडच्या. घरात कानडी, बाजारात मराठी आणि भांडताना दोन्ही. मला 'तम्मा' म्हणायच्या, कानडीत धाकटा भाऊ. नवऱ्यामागं गुळाचा व्यापार त्यांनी एकटीनं ओढला. मार्केट यार्डातून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भरायच्या आणि गगनबावड्यावरून कोकणात उतरवायच्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट. ट्रक तेव्हाच म्हातारा होता. त्याच्या आधीच्या गाडीचं इंजिन घाटात जाम झालं होतं, कारण ऑइलचा काटा खाली पडलेला त्या ड्रायव्हरला दिसला नव्हता. तेव्हापासून क्लीनरच्या जागी त्या स्वतः बसत. "ऑइल म्हंजे गुळाची काहील हाय तम्मा. ढवळणारा झोपला की गूळ बुडाला लागतोय," म्हणायच्या. आणि मला बजावून ठेवलं होतं, "आता परत इंजिन खोलायची पाळी आली, तर गाडी भंगारात, आणि तू कागलच्या एमआयडीसीत वॉचमन."

हे वॉचमनचं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. लग्न नुकतंच झालेलं, आणि स्वभाव असा की चहात साखर कमी असली तरी सांगायचा नाही.

एका हंगामात काटा पडायला लागला. सकाळी गार इंजिनाला ठीक. पण गाडी तापली आणि जागेवर उभी राहिली की काटा आडवा. नशिबानं त्या आठवड्यात अक्का यार्डात अडकल्या होत्या. मी दस्तगीर मिस्त्रीकडे गेलो. तो म्हणाला, "पहिलं दुसरा मीटर लावून बघू. मीटर खोटं निघालं तर बरं. खरं असंल तर मग एकेक बघत जायचं, शेवटाला इंजिन खोलाय लागंल." मी फक्त शेवटचं ऐकलं. 'उद्या येतो' म्हणून जो सटकलो, तो गेलोच नाही.

त्याऐवजी एका झाडाखाली गाडी लावली, मीटरची काच काढली, बोटानं काटा मधोमध आणला आणि त्याच्या बुडाशी डिंकाचा टिपका सोडला. फार सुबक काम झालं होतं. त्यातच ऑइलची पट्टी काढली तर पातळी कमी व्हायच्या ऐवजी चढलेली. मला वाटलं, गाडी ऑइल खात नाही, मग काळजी कसली?

पुढच्या खेपेला अक्का गाडीत. कळे गाव मागं पडलं.

"तम्मा, काटा?"

"मधोमध, अक्का."

चढ लागला. "आता?"

"मधीच हाय."

"गुणाचा झाला की रं! चढाला बी मधी, उताराला बी मधी. माझ्या नवऱ्याला असं कधी जमलं न्हाय."

गगनबावड्याला चहाला थांबलो. इंजिन बंद करून मी उतरलो, तर वरून हाक, "तम्मा, जरा वर ये की. हे बघून जा."

वर चढलो. इंजिन गप्प, आणि शून्यावर पडायला हवा तो काटा मधोमध.

"इंजिन झोपलंय, काटा जागा हाय. राखण करतोय व्हय?"

"मीटर बिघडला असंल," मी पुटपुटलो.

"बिघडलेलं एवढं सरळ उभं राहत न्हाय रं. ह्याला कुणीतरी शिकवलंय. ती ऑइलची पट्टी काढ."

काढली. अक्कांनी ऑइल अंगठ्याला लावलं, बोट मिटून उघडलं, काकवीची तार बघतात तसं. तार नव्हतीच. मग हुंगलं. "डिझेल मारतंय. आणि पातळी खुणेच्या वर! ऑइल कधी वाढतं व्हय? गाभण हाय का इंजिन?"

माल दुसऱ्या गाडीत चढवला आणि आमची गाडी टोचन लावून कोल्हापूरला ओढत आणली. अक्का हट्टानं माझ्याशेजारीच बसल्या. इंजिन बंद, पुढून दोर ताणलेला, आणि यांनी विचारलंच, "काटा?" मी पुढच्या दोरावर नजर लावली. "मधीच हाय की!" त्यांनीच उत्तर दिलं.

मिस्त्रीनं उघडून बघितलं. डिझेल पंपाचं सील फाटलं होतं. तिथून डिझेल गळून ऑइल पातळ झालेलं. वाढलेली पातळी ती. "त्याच दिशी आला असतास तर सील आणि नवं ऑइल, एवढंच काम होतं," तो म्हणाला. "आता बेरिंगं खाल्ली."

अक्कांनी ना गाडी भंगारात घातली, ना मला काढलं. यार्डात मात्र भेटेल त्याला सांगायच्या, "आमचा तम्मा लई हुशार. इंजिन चालू न करता प्रेशर काढतंय!" एकदाच, आजूबाजूला कुणी नसताना म्हणाल्या, "कमी हाय ते कमी म्हणावं. कमीला औषध हाय रं. डिंकाला न्हाय." मी 'चुकलं' एवढंही म्हणालो नाही.

इंजिन होऊन आलं. पहिल्या खेपेला मी गाडी काढली, दार उघडून थांबलो. अक्का पेढीवरूनच म्हणाल्या, "जा तू."

त्या दिवसापासून अक्का गाडीत बसल्या नाहीत. मला वाटलं, हीच शिक्षा. परत आलो की न विचारता सांगायचो, काटा तापल्यावर किती, उभ्या गाडीला किती. त्या "बरं" म्हणायच्या. गाडीत शिव्या घालणारं कुणी नाही हे किती वाईट असतं, ते ज्यानं शिव्या खाल्ल्यात त्यालाच कळेल. अशी वर्षं गेली. दोन हजार साल उलटलं, गाडी विकायचं ठरलं, तेव्हा कुठं मला वाचा फुटली.

"अक्का, मी मीटरला डिंक लावला, म्हणून तुम्ही गाडीत बसायचं सोडलं न्हवं?"

"अय्यय्य! रुसून मी एवढा गूळ तुझ्या हवाली केला व्हय? गुडघं गेल्यात माझं. गाडीची पायरी माझ्या कमरंएवढी."

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

त्यांनी पानाचा देठ खुडला, परत खुडला. "सगळ्या यार्डाला दम देणारी बाई मी. गाडीत चढता येत न्हाय, हे सांगू कुणाला? ड्रायव्हरला?"

गाडी जायच्या आदल्या दिवशी मी केबिनखाली लाकडी खोका ठेवला. अक्का आल्या. इकडंतिकडं बघितलं, माझ्या खांद्यावर भार टाकला आणि हुश्श करत वर चढल्या. बसल्यावर पहिलं वाक्य, "कुणाला बोललास तर बघ."

नाही बोललो. माझा गप्प स्वभाव त्यांच्या कामी आला तो एवढाच. अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझी लबाडी सांगायला बसलो, तर त्यांचीही सांगावीच लागली. त्यांनी ऐकलं असतं, तर दोन्ही भाषांत शिव्या घातल्या असत्या.