गच्चीवरचं फ्रेंच

सुनंदा कॅनडाला निघाली त्या दिवशी विमानतळावर सगळ्यात जास्त मी रडले. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या आमच्या ब्लॉकमधली निम्मी माणसं तिला पोचवायला आली होती. ट्रॉलीवर दोरीने बांधलेल्या बॅगा, त्यावर तिची मुलगी बसलेली. "किती माया आहे बघा," असं माझ्याकडे बघून कुणीतरी म्हणालं. माया कसली? ती ट्रॉली मी ढकलत असायला हवी होती, एवढंच मनात येत होतं.

मिरजेत राहिलेल्या माझ्या बहिणींना मी तेव्हा पत्रात लिहिलं, "आम्हाला काही जायचंच नव्हतं." ते खोटं होतं. आज खरं लिहिते. बहिणींनो, तुम्हीही वाचा आणि सुनंदासारख्या पुढे निघून गेलेल्यांनीही वाचा.

मी मिरज सोडली लग्न होऊन. नवरा दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत. बाबा म्हणाले, "सरकारी नोकरी आहे, डोळे मिटून जा." आई म्हणाली, "तिथं मन लावून घे." डोळे मिटणं सोपं गेलं, मन लागायला चार वर्षं लागली. वरच्या क्वार्टरमध्ये साताऱ्याची सुनंदा राहायला आली, तेव्हा कुठे मला मराठीत गप्पा मारायला आणि भांडायला माणूस मिळालं. ती मला ताई म्हणायची.

नव्वदनंतरची ती वर्षं. गच्च्यांवर डिश अँटेना उगवल्या होत्या, गुडगावच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि ज्याच्या त्याच्या घरातलं कुणीतरी कुठेतरी निघालेलं होतं. कॅनडाच्या एका भागात फ्रेंच येणाऱ्यांना लवकर घेतात, असं मी ऐकलं आणि क्लास शोधून काढला. कल्पना माझी होती, हे नीट लक्षात घ्या. सुनंदाला मी नुसती बसमध्ये सोबत म्हणून ओढून नेली.

शिकवणाऱ्या बंगाली बाईंनी एक दिवस जवळचा भविष्यकाळ शिकवला. आज ना उद्या करू, असलं त्यात चालत नाही म्हणाल्या. जे ठरलंय, जे आता करणारच, तेच त्यात बोलायचं. मला तो काळ फार आवडला. कणीक मळताना मी "ज्य व्हे पार्तीर, ज्य व्हे पार्तीर" म्हणायचे. मी निघणार आहे, मी निघणार आहे.

सुनंदाला ते जमेना. मग थंडीत गच्चीवर उन्हात बसून मटार सोलता सोलता मी तिच्याकडून घोकून घ्यायचे. एका शेंगेला एक रूप. ज्य व्हे, त्यु व्हा, इल व्हा. चुकली की शेंग परत तिच्या परातीत. "ताई, यार, संध्याकाळपर्यंत मटार पनीर काही होत नाही," ती कुरकुरायची.

आमच्याकडे अर्जाचे कागद आले. यांनी ते टीव्हीच्या कव्हरखाली सरकवले. "टाइप थ्रीचा नंबर लागू दे, मग बघू." सरकारी क्वार्टर टाइपावर मिळतात; आमचा टाइप टू, म्हणजे थ्रीपेक्षा लहान. यादीत आमचा नंबर अकरावा होता. एका जादा खोलीसाठी कुणी कॅनडा सोडतं का? आम्ही सोडला. सुनंदाच्या नवऱ्याने मात्र यादीतलं नाव काढून घेतलं आणि राजीनामा द्यायची तयारी केली.

कॅनडासाठीच्या तिच्या मुलाखतीच्या आदल्या दुपारी ती गच्चीवर पाठ म्हणायला बसली. 'आम्ही' आणि 'तुम्ही' यांची रूपं तिने उलटसुलट केली. मी ऐकलं. मला कळलं. आणि मी म्हणाले, "बिल्कुल ठीक. उद्या असंच म्हण." त्यानंतर ती दोनदा खाली आली, कुठली साडी नेसू विचारायला. दोन्ही वेळा मी फक्त साडीबद्दल बोलले.

तरी तिची निवड झाली. सगळ्यात आधी तिने दार वाजवलं ते माझं.

आम्हाला टाइप थ्री मिळाला. पुढे हे निवृत्त झाले तेव्हा तो रिकामा करून द्यावा लागला, आणि आम्ही मयूर विहारच्या सोसायटीत आलो. मधल्या सगळ्या वर्षांत तिचे फोटो येत राहिले, आणि मी त्यातल्या बर्फाचाही हेवा केला. तिची मुलगी फ्रेंच शाळेत शिकली, त्याचा तर फारच.

गेल्या हिवाळ्यात सुनंदा आली. मेट्रोने, एकटी. चहा पिता पिता मी त्या दुपारचं सांगून टाकलं.

"मला मुलाखतीच्याच दिवशी कळलं होतं, ताई," ती म्हणाली. "समोरच्या साहेबाने हसून चूक सुधारली. आणि तुझ्या कानातून असली चूक कधी सुटत नाही, हे मला माहीत नव्हतं का?"

"मग भांडली का नाहीस?"

"भांडून जाणार कुठे होते मी? माहेर सासर सगळं तिकडे लांब. दिल्लीत घर म्हणजे तूच होतीस. तुझ्याशीच भांडले असते तर आनंद सांगायला कुणाकडे गेले असते?"

मी मिरजेला घर म्हणत आले, मग कॅनडातल्या न पाहिलेल्या खोल्यांना, मग त्या टाइप थ्रीला. आता घर म्हटलं की मला ती आठवते, माझा खोटेपणा ओळखून, तरीही माझंच दार वाजवणारी. आणि खरं सांगते, त्या क्षणीही मला तिचा हेवा वाटला. ती दिल्ली सोडून गेली, पण दिल्लीत तिचं घर होतं. मी इथेच राहिले आणि इतकी वर्षं स्वतःला तिची नुसती शेजारीण समजत होते.